फोटोवरची नारिंगी तारीख: एका डेट बॅकच्या दुरुस्तीच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

ठाण्याच्या नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला चालली आहे. एप्रिलअखेर घर रिकामं करून द्यायचं, म्हणून आज माळा उपसला. पितळी भांड्यांच्या मागे बुटाच्या खोक्यात बाबांचा कॅमेरा मिळाला. १९९५ च्या जुलैत मामाने न्यूजर्सीहून आणलेला जपानी ऑटोफोकस, एकच स्थिर लेन्स आणि मागचं झाकण फोटोवर तारीख छापणारं, म्हणजे डेट बॅक, त्यावर क्वार्ट्झ डेटचा इवलासा पडदा. खोक्यात निगेटिव्हची पाकिटं आणि तीनेकशे फोटो होते. जवळपास सगळ्यांच्या उजव्या कोपऱ्यात नारिंगी तारीख.

ठरवलं असं, की घराचे शेवटचे फोटो याच कॅमेऱ्यावर काढायचे, आणि तारखेसकट. धाकट्या भावाने लगेच विचारलं, "ताई, मोबाइलमध्ये तारीख आपोआप येते ना?" येते. पण मोबाइलमधले फोटो आमच्या घरात कोणी दुसऱ्यांदा बघितल्याचं मला आठवत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

दोन सेल लागतात. कॅमेऱ्याला सीआर १२३ए (₹२८०) आणि तारखेच्या झाकणाला वेगळा बटण सेल. इथेच पहिला घोळ घातला. घरात सीआर २०३२ पडून होता (₹४०), तोच बसवायला गेले. व्यास तोच, २० मिमी, पण २०३२ ची जाडी ३.२ मिमी आणि इथे हवा २.५ मिमीचा २०२५. "जरा दाबला की बसेल" म्हणत दाबला आणि आतली पितळी पट्टी वाकली. ती चिमट्याने सरळ करण्यात अख्खी संध्याकाळ गेली. सेलच्या नावातले शेवटचे दोन आकडे म्हणजे जाडी, हे आता आयुष्यभर विसरणार नाही.

गोखले रोडवर घड्याळवाल्याकडे सीआर २०२५ मिळाला, ₹५०. पडदा उजळला, पण आठाचा शून्य दिसत होता आणि मधली आडवी रेघ गायब होती.

९ फेब्रुवारी, रविवार

पाठीचं झाकण उघडलं. हे वाचून कोणी उघडणार असेल तर एक सांगते. फक्त झाकण उघडा, कॅमेऱ्याचं धड उघडू नका. धडात फ्लॅशचा कपॅसिटर असतो, त्यात शेकडो व्होल्ट साठून राहतात आणि सेल काढला तरी लगेच उतरत नाहीत. झाकणात तसलं काही नसतं.

चार स्क्रू. त्यातला एक फरशीच्या भेगेत गेला, चुंबकाने काढला. पडदा आणि सर्किट यांच्यामध्ये रबराची बारीक पट्टी असते, तिच्यातूनच पडद्याला करंट जातो. ती आयसोप्रोपाइल अल्कोहोलने (₹१५०) पुसली. परत बसवताना दोनदा तिरकी बसली, तिसऱ्यांदा आठाचा आठ झाला.

मग वर्ष लावायला बसले. बटण दाबत गेले तर '१९ नंतर थेट '८७. या झाकणाचं कॅलेंडर १९८७ ते २०१९ एवढंच आहे. त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं असंच असतं, पुढे काही नाही. कुठेतरी वाचलं होतं की अठ्ठावीस वर्षं मागे जावं, वारांसकट कॅलेंडर जुळतं. म्हणून '९७ लावलं आणि स्वतःवर खूश झाले.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

पहिला रोल आज संपला. कोडॅक गोल्ड २००, छत्तीस फोटोंचा, ₹१,१५०. शेवटचे सहा फोटो कौपिनेश्वराच्या रांगेत आणि तलावपाळीवर. दर फोटोनंतर पडद्यावर छोटी रेघ लुकलुकायची. त्याचा अर्थ तारीख उमटली असा घेतला.

४ मार्च, मंगळवार

रोल धुवून, स्कॅन होऊन आला (₹५००). छत्तीस फोटो छान. तारीख एकाही फोटोवर नाही.

ती रेघ म्हणजे 'तारीख छापायचा हुकूम दिला' एवढंच. छापली की नाही, ते झाकणाला कळतच नाही. फिल्मच्या पाठीमागे एक तांदळाच्या दाण्याएवढा बल्ब असतो. त्याचा उजेड पडद्याच्या आकड्यांतून जाऊन फिल्मवर पडतो. तोही मागून, आणि लाल रंग टिपणारा थर मागच्या बाजूला सगळ्यात जवळ असतो. म्हणून आकडे नारिंगी. आमचा बल्ब गेलेला. मल्टिमीटर लावला, आवाज नाही. हे ९ तारखेला झाकण उघडं असतानाच तपासायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम. एक रोल आणि तीन आठवडे वाया गेले.

८ आणि ९ मार्च

बल्ब मिळेपर्यंत खोक्यातले जुने फोटो लावायला घेतले. डेट बॅकचा उपयोग काय, याचं उत्तर मला दुरुस्तीत नाही, या दोन दिवसांत मिळालं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलाच पेच होता सोसायटीच्या अंगणातल्या झेंडावंदनाचा. तारीख '९६ ८ १४. आई म्हणाली, "अगं, चौदा ऑगस्टला कोण झेंडावंदन करतं?" बाबांचा निकाल लगेच तयार: "कॅमेरा एक दिवस मागे चालत होता. सगळ्यांत एक मिळव." मी मिळवत गेले. चाळीस फोटोंच्या मागे सुधारलेल्या तारखा लिहून झाल्यावर भावाच्या वाढदिवसाचा फोटो आला. वाढदिवस ३ नोव्हेंबरचा, आणि छापलेली तारीखही '९६ ११ ३. एकदम बरोबर. म्हणजे चाळीसातल्या कितीतरी तारखा मीच बिघडवून ठेवल्या होत्या. दोन तास गेले.

उलगडा झाला १९९५ च्या दिवाळीत. एकाच तारखेचे दोन फोटो, दोन्हींवर '९५ १० २३. एकात लक्ष्मीपूजन, समोर झेंडूच्या माळा आणि बत्ताशे. दुसऱ्यात सगळी बिऱ्हाडं गच्चीवर आणि शेजारचे काका डोळ्यांवर एक्स-रेची फिल्म धरून वर बघतायत (असं करू नये, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं). ते ग्रहण २४ ऑक्टोबरचं, सकाळचं. राजस्थानपासून बंगालपर्यंतच्या पट्ट्यात खग्रास दिसलं, आपल्याकडे खंडग्रास. निगेटिव्हच्या पट्टीवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी आहेत. म्हणजे संध्याकाळची तारीख बरोबर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा अजून कालच्याच तारखेत.

मामाला फोन लावला. "मामा, कॅमेऱ्याचं घड्याळ तू लावलं होतंस?"

"मग! दुकानातून आणल्या आणल्या लावलं. मिनिटाचाही फरक नव्हता."

नव्हताच. न्यूजर्सीत. उन्हाळ्यात ते आपल्या साडेनऊ तास मागे असतात. इथे आणल्यावर घड्याळाला कोणी हात लावला नाही, कारण फोटोवर फक्त तारीख यायची, वेळ यायचीच नाही. त्यामुळे आमच्या अल्बममध्ये सकाळी साडेनऊच्या आधी जे काही घडलं ते अमेरिकेच्या तारखेने घडलं आहे. झेंडावंदन, ग्रहण, एका मावसभावाच्या लग्नातली सीमांतपूजनानंतरची सकाळ. साडेनऊनंतरचं सगळं ठाण्याच्या तारखेने.

'९८ नंतर आणखी गंमत. एका पाकिटावर तारखा '८७ पासून सुरू होतात. बटण सेल संपला, स्टुडिओवाल्याने नवा घातला, तारीख कोणी लावली नाही. घड्याळ १ जानेवारी १९८७ पासून चालू झालं ते तसंच चालत राहिलं. बाबा म्हणाले ते फोटो सोडून दे. पण घड्याळ चुकीचं असलं तरी चालतं आहे, म्हणजे एक तारीख पक्की मिळाली की बाकीच्या मोजता येतात. ती मिळाली भावाच्या केकवर. पाच मेणबत्त्या, म्हणजे ३ नोव्हेंबर १९९८. छापलंय '८७ ५ ९. १ जानेवारीपासून १२८ दिवस. तेवढे मागे गेलं की सेल घातल्याचा दिवस येतो २८ जून १९९८.

इथे एक खबरदारी. तारखांतून तारखा वजा करू नका, दिवस मोजा. कॅमेऱ्याला १९८८ हे लीप वर्ष वाटतं, पण आपण तेव्हा १९९९ मध्ये असतो. मी आधी तोंडी हिशेब केला आणि एका दिवसाने चुकले. मग स्प्रेडशीटला शरण गेले.

पडताळा घ्यायला आणखी एक झेंडावंदन सापडलं, '८८ २ १७. हिशेब आला १४ ऑगस्ट १९९९. यावेळी मी चिडले नाही, हा रोग आता ओळखीचा झाला होता. स्टुडिओवाल्याने सेल संध्याकाळी घातला असणार, त्यामुळे कॅमेऱ्याचा दिवस संध्याकाळी उजाडत होता. संध्याकाळचे फोटो बरोबर, सकाळचे एक दिवस मागे.

आजीचा एकच फोटो अडला. झोपाळ्यावर बसलेली, एकटी. '८८ १२ १९. आजी २००० च्या सप्टेंबरमध्ये गेली, त्यामुळे बाबांना तो फोटो कधीचा हे हवं होतं. हिशेब १५ जून २००० सांगतो, पण फोटो सकाळचा असेल तर १६. सकाळ की संध्याकाळ हे फोटो सांगत नाही. बाबांनाही आठवेना.

२१ मार्च, शुक्रवार

अर्धा दिवस रजा टाकून चोरबाजारात गेले. जवळपास तसलंच झाकण असलेला मेलेला कॅमेरा ₹४०० ला. विकणारा सहाशेवरून खाली यायला तयार नव्हता, लेन्सवरची बुरशी दाखवल्यावर आला. मला लेन्स नकोच होती, हे त्याला सांगितलं नाही.

२३ मार्च, रविवार

बल्ब काढून इकडे सोल्डर केला. त्याच्या तारा केसाएवढ्या, एक तुटली, उरलेल्या दोन मिलिमीटरवर भागवलं. यावेळी शहाणपण केलं. झाकण बंद करण्याआधी, दिवा मालवून, दोन्ही संपर्क तारेने टेकवून बघितले. खिडकीत क्षणभर लालसर ठिपका. आई दारातून म्हणाली, "काजवा आहे का गं?"

भावाने वर्षाच्या हिशेबावर पाणी ओतलं. त्याचं म्हणणं, पडद्यावर वार दिसतच नाही, मग अठ्ठावीसचा अट्टहास कशाला? वीस मागे जा. वीसला चारने भाग जातो, म्हणजे लीप वर्षं जुळतात, आणि शेवटचा आकडा तोच राहतो. २०२५ साठी '०५. बघणाऱ्याला फक्त दोन मिळवायचे, तेही दशकात. बरोबर आहे त्याचं. पण तोवर मी हट्टाने '९७ वरच ठेवलं होतं, आणि दुसरा रोल तसाच भरला.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

शोभायात्रा. ढोलपथकं, नऊवारीत बुलेटवर बसलेल्या मुली, राम मारुती रोडवर पाय ठेवायला जागा नाही. तीस फोटो काढले. यावेळी पडद्यापेक्षा जास्त विश्वास त्या काजव्यावर.

८ एप्रिल, मंगळवार

तारीख आली! पण तीन तक्रारी.

एक, आकडे फुगले आहेत. दुसऱ्या कॅमेऱ्याचा बल्ब जास्त प्रखर निघाला, ८ आणि ० सारखेच दिसतात.

दोन, जवळजवळ निम्म्या फोटोंवर तारीख वाचताच येत नाही. कारण साधं आहे. त्या कोपऱ्यात पांढरे कुर्ते, रांगोळी किंवा आकाश आलं की फिल्म तिथे आधीच भरपूर उजेड प्यायलेली असते, वरून आकडे पडले तरी उठून दिसत नाहीत. फोटो उभा काढतानाही हेच. कॅमेरा उजवीकडे फिरवला तर तारीख खाली डाव्या कोपऱ्यात जाते, डावीकडे फिरवला तर वर उजवीकडे, म्हणजे नेमकी आकाशात. मी सगळे उभे फोटो डावीकडे फिरवून काढले होते.

तिसरी तक्रार बाबांची. त्यांनी '९७ ३ ३० छापलेला फोटो बराच वेळ हातात धरला. त्यात ढोलपथकाभोवती निदान पंधरा हात वर झालेले, प्रत्येक हातात मोबाइल. "हे सत्त्याण्णव सालचं ठाणं?" मी अठ्ठावीसचा हिशेब समजावला. ते म्हणाले, "तुला माहीत आहे. तीस वर्षांनी हे खोकं ज्याच्या हातात पडेल त्याला कोण सांगणार?"

यावर मला उत्तर देता आलं नाही. चार आठवड्यांपूर्वी मीच अमेरिकेची तारीख सोडवत बसले होते आणि आता पुढच्या कुणासाठी तसलंच कोडं छापत होते. '०५ लावलं असतं तरी ते खोटंच.

आठवलं ते १९१४ चं. कोडॅकने तेव्हा ऑटोग्राफिक कॅमेरे काढले होते. पाठीला छोटी फट, तिच्यातून टोकदार काडीने फिल्मच्या मागच्या कागदावर लिहायचं आणि ते निगेटिव्हच्या कडेला उमटायचं. त्या पेटंटसाठी कोडॅकने तीन लाख डॉलर मोजले होते. त्यात माणूस स्वतःच्या हाताने लिहायचा, त्यामुळे वर्ष २०१९ ला संपायचं नाही.

१३ एप्रिल, रविवार

नाटकांचं लाइटिंग करणाऱ्या मित्राकडून करड्या जेलचा, म्हणजे दिव्यांवर लावायच्या पारदर्शक फिल्टरचा, तुकडा आणला. ०.३ चा, म्हणजे निम्मा उजेड आत सोडणारा. नखाएवढा कापून बल्बच्या खिडकीवर चिकटवला. खर्च एक चहा.

तारखेसाठी ठरलेला बेत: वर्ष-महिना-दिवस सोडून 'दिवस तास:मिनिट' छापायचं. वर्षच नाही, म्हणजे खोटं बोलायची सोय नाही. आणि प्रत्येक रोलचा पहिला फोटो त्या दिवशीच्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाचा. महिना आणि साल तिथून कळेल. निगेटिव्हची पट्टी ठेवली की झालं. घड्याळ फोनवरून लावलं. ठाण्याच्या वेळेवर.

२७ एप्रिल, रविवार

घर हलवलं. तिसरा रोल. पहिला फोटो वर्तमानपत्राचा. मग सकाळी उठल्यापासून जे दिसेल ते. टेम्पोवाल्याने रिकाम्या केलेल्या हंड्यात बसलेली मांजर, आईची देवघराची पाटी, भिंतीवर कॅलेंडर काढल्यावर उरलेला फिकट चौकोन. झोपाळ्याच्या कड्या बाबांनीच सोडवल्या, मजुराला हात लावू दिला नाही. कोपऱ्यात काहीतरी गडद येईल असं बघत फोटो काढायची सवय आता लागली.

६ मे, मंगळवार

आकडे सुबक. छत्तीसपैकी एकतीसवर स्वच्छ वाचता येतात. लॅबने एक मोठी प्रिंट काढताना उजवी कड कापली आणि मिनिटांचा शेवटचा आकडा गेला. चार बाय सहाच्या प्रिंटमध्ये तो त्रास नाही.

खर्च: सेल ₹३७० (फुकट गेलेल्या २०३२ सकट), अल्कोहोल ₹१५०, मेलेला कॅमेरा ₹४००, तीन रोल ₹३,४५०, धुणं आणि स्कॅन ₹१,५००. एकूण ₹५,८७०. रविवार मोजले नाहीत.

कुणी विचारलं तर सांगेन की डेट बॅक आहे म्हणून कॅमेऱ्याला जास्त पैसे देऊ नका. पण असेल तर बंदही ठेवू नका. तारीख चुकीची असली तरी घड्याळ सलग चालत असेल तर ती सोडवता येते. तारीखच नसेल तर सोडवायला काही उरत नाही. फक्त सेल बदलला त्या दिवशी, कोणत्या वेळी बदलला, हे कागदावर लिहून पाकिटात टाका.

तिसऱ्या रोलमधला एक फोटो वेगळा ठेवला आहे. २७ ८:५०. रिकामी बैठकीची खोली, झोपाळा अजून टांगलेला. गॅलरी पूर्वेची, त्यामुळे उन्हाचा पट्टा फरशीवरून झोपाळ्याच्या पायापर्यंत आला आहे. आजीचा फोटो शेजारी ठेवला. त्यातही पट्टा आहे, तीच फरशी, तोच पाय. एप्रिल आणि जूनचं ऊन सारखं नसतं, मिनिटं जुळवायचा हट्ट नाही. पण त्या खोलीत दहानंतर ऊन कधीच आलं नाही. म्हणजे आजीचा फोटो सकाळचा, १६ जून २०००.

बाबांनी पंचांग बघितलं. वटपौर्णिमा. आईने फोटो हातात घेतला, चष्मा लावला आणि झोपाळ्यामागच्या स्टुलावर बोट ठेवलं. तिथे कडेला अर्धं कापलं गेलेलं ताट आहे, आम्ही ते इतकी वर्षं पाहिलंच नव्हतं. एक आंबा, फणसाचे गरे, वर काहीतरी लाल.

"वाण आहे ते," आई म्हणाली. "मी पूजेहून आले नि ताट तिथंच ठेवलं. मग कॅमेरा माझ्याच हातात होता की."